माझ्या वाट्याची साक्ष

सोमवार, ५ मार्च २०१८
हार्लन फोर्क, कॅन्सस

प्रिय ताई,

ख्रिस्तात सप्रेम सलाम. हे वाचून तू नाक मुरडशील, ठाऊक आहे. पण माझ्या हाताला पत्राची दुसरी सुरुवात येतच नाही. आम्ही इथे सर्व ठीक आहोत, तूही तिकडे पोर्टलंडला खुशाल असशील अशी आशा करते. गहू घोट्याएवढा आला आहे. चार दिवस वाऱ्याने नुसता उच्छाद मांडलाय. माझा वेंडल छपरांची कामं घेतो, तो म्हणतो, असाच वाहत राहिला तर वर्षभराची छपरं याच महिन्यात दुरुस्तीला येतील. आमच्या जेरेडला एकोणीस पूर्ण झाली. ऑगस्टात बायबल कॉलेजला जाईल, तोवर धान्याच्या गोदामात काम करतो. मंगळवारी सुट्टी असते, तेव्हा दुपारपर्यंत अंथरुणात.

दर नाताळच्या कार्डावर तू तुझा फोन नंबर लिहितेस, तरी मी पत्रच लिहितेय. फोनवर मी रडेन आणि तू गप्प राहशील, ते मला नको. आणि ईमेल म्हणशील तर आमच्या घरातल्या यंत्रांना आता तोंड फुटलंय. कसं ते सांगते.

गेल्या वर्षी आमच्या चर्चचे पाळक हॉलिस यांनी पुरुषांच्या गुरुवारच्या न्याहारीत एक नवा नेम सुरू केला. प्रत्येकाने आपल्या फोनवर एक ॲप घालायचं. आठवडाभरात जे जे पाहिलं त्याची यादी सोमवारी सकाळी आपोआप त्याच्या राखणदाराला जाते. राखणदार म्हणजे मंडळीतलाच दुसरा पुरुष. वेंडलचा राखणदार ग्लेन, ग्लेनचा राखणदार वेंडल. कोणी तसले व्हिडिओ पाहिले की यादीत लाल ओळ उमटते. सक्ती नाही हं! पाळक म्हणाले, "बंधूंनो, आपण स्वतंत्र देशात राहतो. कोणी काय पाहावं हे सरकार सांगत नाही. म्हणून तर बेडी आपल्या हाताने घालून घ्यायची." एकतीस पुरुषांनी त्याच सकाळी घालून घेतली, अंडी आणि बेकन निवायच्या आत.

बायकांना कोणी विचारलंच नाही. मी सहज पाळकीणबाईंना, नोर्माला, म्हटलं, "आपल्यासाठी काही?" तर ती म्हणाली, "अगं, आपल्याला कशाला? आपण पाहून पाहून काय पाहणार, ॲपल पायच्या पाककृती!" सगळ्या हसल्या. मीही हसले.

आता मुख्य गोष्ट. एकोणीस फेब्रुवारीला, सोमवारी, संध्याकाळच्या जेवणाआधी ग्लेन आला. टोपी हातात, चेहरा मयताला आल्यासारखा. मला म्हणाला, "वहिनी, जरा वेंडलशी बोलायचं होतं." मी ओट्यापाशी बटाटे सोलत होते, तिथून हलले नाही. ग्लेनने खिशातून घडी घातलेला कागद काढला आणि टेबलावर सरकवला. मंगळवारची लाल ओळ होती. एक नव्हे, तीन.

वेंडलने कागद वाचला. आधी भुवया वर गेल्या. मग त्याने तो पुन्हा वरपासून वाचला. मी सोललेला बटाटाच पुन्हा सोलत होते. मग त्याने कागदाची घडी घातली आणि म्हणाला, "हो. मीच."

ग्लेन रडायलाच लागला, ताई. एवढा धिप्पाड माणूस! उठून त्याने वेंडलला मिठी मारली. "भावा, मी आहे," म्हणाला. "मी आहे ना." दोघं बाहेर ट्रकपाशी जाऊन अर्धा तास बोलत उभे राहिले. बटाटे करपले.

गुरुवारी वेंडलने न्याहारीत कबुली दिली. पंचवीसला, रविवारी, मंडळीसमोर उभा राहिला. तुला ती जागा आठवतेच. त्याने वाईट सांगितलं नाही, थोडक्यात सांगितलं, पण आवाज फुटला आणि अख्खी मंडळी उभी राहिली. बारा पुरुष पुढे धावले, कोणी खांद्यावर हात ठेवला, कोणी डोक्यावर. मंडळीचा कारभार बघणारा म्हातारा डेकन, जो कोणाशी धड हसत नाही, तो त्याच्या गळ्यात पडून हुंदके देत होता. मी पहिल्या ओळीत एकटी. माझ्या मांडीवर माझी आणि त्याची अशी दोन बायबलं.

घरी ओव्हनमध्ये भाजलेल्या कॅसरोलची रीघ लागली. कोणी मेल्यावर आणतात तशी भांडी, फॉइलने झाकलेली. चिकनचा, टूनाचा, बटाट्याचा. बायका माझा हात दाबतात आणि डोळे पुसतात. नोर्माने मला एक पुस्तिका दिली, त्यात नवऱ्याचं मन घरात कसं रमवावं हे लिहिलंय. पान चारवर केस रंगवण्याचा सल्ला आहे. जेरेड बापाशी बोलत नाही. त्याच्या ट्रकमध्ये बसत नाही, गोदामाला चालत जातो.

तुला वाटेल, मी पडद्यावरच्या त्या बायांवर जळत असेन. गावाची तशीच समजूत आहे. ताई, मी जळते ती ग्लेनवर. दर सोमवारी माझ्या नवऱ्याचं मन कागदावर छापून त्याच्याकडे जातं. त्याला ठाऊक असतं वेंडलने काय शोधलं, कुठे थांबला, कशावर परत गेला. मी बावीस वर्षं त्या माणसाचे मोजे धुते आणि मला एवढंच ठाऊक, की त्याला बटाट्याची साल आवडत नाही. आता दोघं रोज सकाळी फोनवर बोलतात. वेंडल अंगणात फेऱ्या मारत हसतो. मी खिडकीतून बघते.

आणि आता माझी पाळी आहे. अठरा तारखेला रविवारी मंडळीसमोर उभं राहून मला म्हणायचंय, "मी माझ्या नवऱ्याला क्षमा केली आहे." पाळकांनी तीन ओळी लिहूनही दिल्यात. त्या मला म्हणवतील असं वाटत नाही. तू त्या जागी उभी राहिली आहेस, म्हणून तुला विचारते. काय करू?

प्रभूत तुझी बहीण,
सौ. मार्ला

*

गुरुवार, १५ मार्च २०१८
हार्लन फोर्क

प्रिय ताई,

सलाम. तुझं पत्र काल आलं. एवढ्या लवकर उत्तर पाठवशील असं वाटलं नव्हतं. वारा पडला. इथे सर्व ठीक, म्हणजे होतं तसंच.

तू लिहितेस, मोठ्या माणसाने आपल्या घरात काय पाहावं ही त्याची बाब आहे, त्यात मंडळीने नाक खुपसू नये. तू लिहितेस, त्या व्हिडिओंच्या मागे काय चालतं तेही काही चांगलं नसतं, पण त्याचा न्याय मिठ्या मारून होत नाही. आणि शेवटी लिहितेस, "नको असेल तर क्षमा करू नकोस, घरी बस. तुझ्या पायात कोणी साखळी घातलेली नाही." तुला बोलायला काय जातं! तुझं घर गावापासून अडीच हजार किलोमीटरवर आहे. मला पत्र वाचून राग आला. मग लक्षात आलं, राग कशाचा येतोय. तू माझ्या बाजूने लढायला निघालीस, आणि मी तुला बाजू खोटी सांगितली.

ताई, ते मी पाहिलं होतं.

वेंडल त्या मंगळवारी शेजारच्या तालुक्यात शाळेच्या छपरावर होता. मी घरी होते. ओट्यावर टॅबलेट असतो, मी त्यावर पाककृती बघते आणि बायकांच्या बायबल वर्गाचे धडे वाचते. ॲप वेंडलच्या फोनवर आहे हे ठाऊक होतं, टॅबलेटवरही त्याने घातलंय हे नव्हतं. की होतं? देव जाणे. एकदा नाही, ताई, तीन महिने. मंगळवारी सापडले एवढंच, कारण त्याच्या आधीच्या आठवड्यात त्याने ते यंत्र नव्याने जोडलं होतं.

काय पाहिलं ते लिहीत नाही. ओंगळ होतं बरंच. काही पाहून मी टॅबलेट पालथा घातला आणि ओटा पुसत बसले. पण एक बाई होती, माझ्या वयाची असेल, पोटावर बाळंतपणाच्या रेषा होत्या. ती हसत होती आणि तिला काय हवं ते त्या माणसाला सांगत होती. सरळ, मीठ मागावं तसं. तो ऐकत होता. तिला कोणी पैसे देऊन हसायला लावलं असेल, तू तेच म्हणशील, आणि ते खरंही असेल. तरी मी तिच्यावर जळले. मी बावीस वर्षांत वेंडलला काही सांगितलेलं नाही. काय सांगायचं असतं हेच मला ठाऊक नव्हतं. तीन महिने मी तिला शोधून शोधून पाहत होते.

ग्लेनने कागद ठेवला तेव्हा मी सुरी घट्ट धरून उभी होते, आता वेंडल वळून माझ्याकडे बघेल म्हणून. त्याने बघितलं नाही. "मीच" म्हणाला. मला वाटलं, यानं ओळखलं आणि मला वाचवलं. आम्ही या विषयावर एक शब्द बोललेलो नाही. त्याने विचारलं नाही, मी सांगितलं नाही. पाच-सहा दिवस मला त्याच्याबद्दल एवढं प्रेम वाटलं की त्याचे बूटही पुसून ठेवले.

मग तो रविवार आला आणि प्रेमाचं काय झालं ते तुला सांगितलंच. तो उभा राहिला तिथे मी उभं राहायला हवं होतं. माझ्या डोक्यावर ते हात यायला हवे होते. आयुष्यात मी एक पाप केलं, ताई, एकच म्हणण्यासारखं, आणि त्याची क्षमासुद्धा माझ्या नवऱ्याला मिळाली! आता तो मोठा झालाय. आज सकाळच्या न्याहारीत त्याला तरुण मुलांच्या गटाचा प्रमुख केलं. पुढच्या शनिवारी शेजारच्या मंडळीत साक्ष द्यायला बोलावलंय. तो आरशासमोर भाषणाची तालीम करतो. काल म्हणत होता, "माझ्या अंधारातून मी एवढं शिकलो..." माझ्या अंधारातून, ताई! तो अंधार माझा होता.

मी हे कधी कोणाला म्हणाले नाही, पण आता लिहितेच. तू बावीस वर्षांची होतीस आणि त्या पोराच्या घरी राहायला गेलीस म्हणून तुला मंडळीसमोर उभं केलं, तेव्हा मी सतराची होते. तू जाताना माझ्या ओळीपाशी थांबलीस आणि मी स्तोत्रांचं पुस्तक उघडलं. माझी बहीण गेली म्हणून मला किती दुःख झालं, हे मी आजवर सगळ्यांना सांगत आले. दुःख नव्हतं ते. हेवा होता. तू काय केलंस ते सगळ्यांना ठाऊक होतं आणि तू मान वर करून दारातून बाहेर गेलीस. तुझ्यावर त्यांनी लगेच विश्वास ठेवला. आमच्या डीनाने केलंच असणार, म्हणाले. माझ्याबद्दल तसं कधी कोणाच्या मनातही येणार नाही. त्याबद्दल मला माफ कर, जमलं तर.

रविवारी मी त्या तीन ओळी म्हणणार नाही. खरं सांगणार आहे. वेंडलला आधी सांगावं का, हा विचार चार दिवस करतेय. सांगितलं तर तो मला थांबवेल. म्हणून नाही सांगत.

घाईत लिहितेय, अक्षर वाचता आलं नाही तर रागावू नकोस.

तुझी,
मार्ला

*

सोमवार, १९ मार्च २०१८
हार्लन फोर्क

ताई,

सकाळचे दहा वाजलेत. वेंडल कॉफी न घेता कामाला गेला. जेरेड त्याच्याबरोबर ट्रकमध्ये बसून गेला, तेही सांगते. सगळं क्रमाने सांगते, नाहीतर माझाच गोंधळ होईल.

काल मी राखाडी झगा घातला. नोर्माने दारात पाहून म्हटलं, "किती शोभून दिसतेस गं!" उपासनेच्या मध्यात पाळकांनी आम्हा दोघांना पुढे बोलावलं. वेंडलने माझा हात धरला होता. पाळक म्हणाले, "भगिनी मार्ला आज तिच्या मनातलं सांगेल." माइक माझ्या हातात आला.

मी म्हणाले, "ते व्हिडिओ माझ्या नवऱ्याने पाहिले नाहीत. मी पाहिले. ओट्यावरच्या टॅबलेटवर. त्याला क्षमा करण्यासारखं काही नाहीये. पाप माझं आहे."

एवढंच. पाठ केलं होतं, शब्दाला शब्द.

मी माइक तसाच धरून उभी होते. मग डावीकडून कोणीतरी म्हणालं, "आमेन!" मग दुसऱ्याने. मला कळेना. नोर्मा दोन्ही हात तोंडावर ठेवून रडत होती. पाळकांनी डोळे पुसले, माझ्या हातातून हळूच माइक घेतला आणि म्हणाले, "मंडळी, पाहिलंत? आपल्या प्रभूने आपलं पाप स्वतःवर घेतलं. आज या बाईने नवऱ्याचं पाप स्वतःच्या अंगावर घेतलं. याला म्हणतात प्रेम!"

अख्खी मंडळी उभी राहिली, ताई. टाळ्या!

मी म्हणाले, "नाही, नाही, मी खरंच..." पण माइक माझ्याकडे नव्हता. पियानो सुरू झाला. ग्लेन पुढे येऊन म्हणाला, "वहिनी, तुम्ही देवमाणूस आहात." मी ओरडले, "ग्लेन, मी पाहिलं!" तो माझ्या खांद्यावर थोपटत म्हणाला, "कळतंय, वहिनी, कळतंय." मी वेंडलकडे पाहिलं. त्याने एक वाक्य बोलायचं होतं. त्याने माझ्या डोक्यावर ओठ टेकवले आणि लोकांना म्हणाला, "देवाने मला कशी बायको दिलीय बघा." टाळ्या पुन्हा वाढल्या.

दुपारी घरी आलो. जेरेड मागून चालत येत होता. मी गाडीतून उतरले नाही. म्हटलं, "वेंडल, तू तिथे असं का बोललास? तुला तर ठाऊक आहे."

तो म्हणाला, "ठाऊक आहे, म्हणून तर. मार्ला, तुझे उपकार मी विसरणार नाही. आता दोघांनी अंगावर घेतलंय म्हटल्यावर त्या पोराकडे कोणाचा संशय जाणार नाही."

"कुठल्या पोराकडे?"

"जेरेडकडे. मंगळवार होता ना, त्याला सुट्टी असते. बायबल कॉलेजला कळलं असतं तर त्याचा प्रवेश गेला असता. मी एका मिनिटात ठरवलं. पोरगा आहे, त्या वयात होतं. तूही तेच ओळखलंस ना?"

मी काचेतून समोरच्या गॅरेजच्या दाराकडे बघत बसले. ताई, त्याने मला वाचवलं नव्हतं. मी त्याच्या मनातही आले नव्हते. त्या कागदावरच्या लाल ओळी वाचताना घरात तीन माणसं राहतात, त्यातलं एक तो नाही, म्हणजे उरलं एकच, असा त्याचा हिशेब. मला माझ्याच पोराचा हेवा वाटला. आई असून लिहिते. निदान त्याच्याकडून अशी काही चूक होऊ शकते, एवढं तरी त्याच्या बापाने त्याला दिलं होतं. आणि तो पोरगा महिनाभर बापाला घाणेरडा समजून गावातून पायी फिरतोय, आणि बाप पोराला.

तेव्हा माझा हेवाबिवा सगळा बाजूला राहिला. मी म्हटलं, "तो कागद कुठाय?"

त्याने पाकिटातून काढला. आता साक्ष देताना दाखवायला जवळ बाळगतो. मी बोट ठेवलं. "मंगळवार, दुपारी दोन वाजून दहा मिनिटं. वाच. मग ग्लेनला फोन लाव आणि विचार, त्या मंगळवारी दुपारी जेरेड कुठे होता."

"ग्लेनला काय विचारायचं त्यात?"

"लाव."

आम्ही स्वयंपाकघरात आलो. त्याने फोन टेबलावर ठेवून लावला, मलाही ऐकू येत होतं. ग्लेन म्हणाला, "तेरा तारीख? प्रेमदिनाच्या जेवणाच्या आदल्या दिवशी ना? जेरेड माझ्याकडेच होता की. सकाळी अकरापासून आम्ही दोघं चर्चच्या तळघरातून खुर्च्या वर आणत होतो. चार वाजले. पोरगा कामाचा आहे हो तुझा. का रे?"

"काही नाही," वेंडल म्हणाला आणि फोन बंद केला.

त्याने दोन्ही हातांनी तोंड झाकलं. "जेरेड नव्हता," म्हणाला. "प्रभू, तुझी स्तुती असो, जेरेड नव्हता." डोळे भरून आले त्याचे. खुर्ची ढकलून उठला, मागच्या दारातून अंगणात गेला. जेरेड नुकताच फाटकातून आत येत होता. वेंडलने त्याला कवटाळलं. पोरगं गोंधळून गेलं, आधी ढकलत होतं, मग थांबलं. दोघं काय बोलले मला ऐकू आलं नाही. खिडकीतून दिसत होतं एवढंच. हसले, मग वेंडल त्याचे केस विस्कटायला लागला. जेरेड आत आला, "आई, बाबा म्हणतायत त्यांनी काही पाहिलंच नव्हतं, खरं का?" म्हणाला. मी म्हटलं, "खरं. मी सकाळी सगळ्यांसमोर सांगितलं ते खरं आहे." तो लालबुंद झाला आणि वर आपल्या खोलीत गेला. त्याच्याशी मला अजून बोलायचंय. कसं, ते ठाऊक नाही.

वेंडल परत आला तेव्हा हसतच आला. नळापाशी जाऊन पाणी प्यायला. पेला अर्धा झाला आणि थांबला. मी बघत होते, ताई. त्याच्या डोक्यात ते पोहोचताना मला दिसलं. तो कागद टेबलावरच होता. त्याने पेला खाली ठेवला, कागदाकडे पाहिलं, ओट्यावरच्या टॅबलेटकडे पाहिलं आणि मग माझ्याकडे.

बावीस वर्षांत त्याने माझ्याकडे तसं पाहिलेलं नव्हतं. ओळख नसलेल्या बाईकडे बघतात तसं. मला लाज वाटली. आणि तरी मी नजर खाली घातली नाही. मला त्याने तसं पाहायला हवंच होतं.

"तू?" तो म्हणाला.

"मी."

"मग आजचं ते... चर्चमधलं..."

"सगळं खरं होतं. कोणी ऐकलं नाही."

तो खुर्चीवर बसला. मला वाटलं ओरडेल. ग्लेनला फोन करेल असंही वाटलं. मग म्हणाला, "शनिवारी त्या मंडळीत मी काय सांगू आता?" मी म्हटलं, "तुझं तू बघ." तो भिंतीवरच्या घड्याळाकडे बघत राहिला. मग एकदम, रागाने नाही, थकून म्हणाला, "का, मार्ला?"

ताई, त्याच्या पापाची मंडळीने मिठ्या मारून क्षमा केली, पण 'का' असं त्याला एकानेही विचारलं नव्हतं. पुरुष आहे, कारण ठाऊकच असतं ना. माझं कारण त्याला ठाऊक नव्हतं आणि ते त्याला हवं होतं. मी समोर बसले आणि सांगितलं. त्या बाईचंही सांगितलं, ती कशी सरळ मागत होती ते. वेंडलने मध्ये दोनदा डोळे मिटले. एकदा म्हणाला, "हे मला ऐकवत नाही." उठला मात्र नाही. पाऊण तास मी बोलत होते. आमच्या संसारात मी सलग एवढं कधी बोलले नव्हते.

त्याने मला क्षमा केलेली नाही. मी मागितलीही नाही, पाप आहे हे मला मान्य असलं तरी. रात्री तो जेवला आणि त्याने भांडी धुतली. आज सकाळी दारात बूट घालताना म्हणाला, "गुरुवारी न्याहारीला मी खरं काय ते सांगणार आहे. तुझी हरकत असेल तर आत्ता सांग." मी म्हटलं, "नको सांगूस. ते मी सांगेन. तू मला फक्त तिथे घेऊन चल."

पुरुषांची न्याहारी आहे, बायकांना प्रवेश नाही. तो ट्रकमध्ये जाऊन जेरेडशेजारी बसला. मग काच खाली करून म्हणाला, "साडेसहाला निघतो मी."

मी तयार असेन. पाळक मला ओट्याकडे पाठवतील, ग्लेन पुन्हा थोपटेल, काहीजण उठून जातील. या वेळी मी माइकवर अवलंबून राहणार नाही, तो कागद सोबत नेणार आहे आणि वेळ वाचून दाखवणार आहे. नंतर मंडळीने मला त्या दारातून बाहेर काढलं, तर मी तुला फोन करेन. रडले तर ऐकून घे, गप्प राहिलीस तरी चालेल.

जिने ते पाहिलं, तीच,
तुझी मार्ला